पुसले तरी उरलेले: मावळापासून अजिंठ्यापर्यंत थरांचा इतिहास

१/३०
मुळशी तालुक्यातील कोळवण हे डोंगरांच्या कुशीतले भातशेतीचे खोरे. उत्तरेला तिकोना किल्ला आणि त्याच्यापलीकडे पवना धरणाचे पाणी. दक्षिणेकडचे डोंगर ओलांडले की मुळशीचा जलाशय. या खोऱ्याच्या आसपास दोन हजार वर्षांत माणसांनी दगडावर, भिंतीवर आणि जमिनीवर लिहिले, पुसले आणि पुन्हा लिहिले. गंमत अशी की पुसणाऱ्याला ते पूर्णपणे पुसता आलेच नाही. आजचा धागा या अर्धवट पुसलेपणाविषयी.

२/३०
दृश्यकला आणि स्मृती यांच्या अभ्यासात या गोष्टीला ‘पॅलिम्प्सेस्ट’ असे नाव आहे. शब्द मूळचा ग्रीक. अर्थ ‘पुन्हा खरवडलेले’. युरोपात कागद येण्यापूर्वी ग्रंथ चर्मपत्रावर लिहीत. जनावराचे कातडे कमावून केलेले हे पान महाग. म्हणून जुन्या ग्रंथाची गरज संपली की त्यावरील शाई धुऊन, खरवडून काढीत आणि त्याच पानावर नवा मजकूर लिहीत. काही शतके गेली की खालची पुसट अक्षरे पुन्हा डोके वर काढीत.

३/३०
याचे सर्वांत गाजलेले उदाहरण आर्किमिडीजचे. दहाव्या शतकात नकललेला त्याचा ग्रंथ इ.स. १२२९ मध्ये खरवडला गेला आणि त्या पानांवर ख्रिस्ती प्रार्थना लिहिल्या गेल्या. १९०६ मध्ये हायबर्ग या डॅनिश पंडिताने कॉन्स्टँटिनोपलमध्ये प्रार्थनांच्या ओळींखालचे गणित ओळखले. पुढे विसाव्या शतकात कोणीतरी त्याच्या काही पानांवर जुनी भासणारी बनावट चित्रे रंगविली. म्हणजे तिसरा थर! १९९८ च्या लिलावानंतर वेगवेगळ्या प्रकाशलहरी आणि क्ष-किरण वापरून अभ्यासकांनी खालचा मजकूर वाचला. वरची प्रार्थना मात्र त्यांनी खरवडली नाही. हा तपशील लक्षात ठेवा. शेवटी तो लागणार आहे.

४/३०
मराठीत या शब्दाला रुळलेला प्रतिशब्द नाही. जवळची वस्तू आठवते ती धूळपाटी. पाटीवर बारीक धूळ पसरून मुले बोटाने अक्षरे गिरवीत. म्हणून पहिल्या अक्षरांना ‘धुळाक्षरे’ म्हणतात. परंतु दोहोंत एक मूलभूत भेद आहे. धूळपाटी झटकली की कालचा ‘श्री’ कायमचा जातो. चर्मपत्रावरचे अक्षर मात्र पुसूनही मागे राहते. इतिहासाची तुलना आपण अनेकदा धूळपाटीशी करतो: अमुक राजा आला आणि त्याने सारे पुसले. पुरावे पाहिले की इतिहास चर्मपत्रासारखा वागताना दिसतो.

५/३०
एकोणिसाव्या शतकात ही वस्तू रूपक झाली. १८४५ मध्ये इंग्रज लेखक थॉमस डी क्विन्सी याने मानवी मेंदूला पॅलिम्प्सेस्टची उपमा दिली: अनुभवांचे थर एकमेकांवर बसतात, पण खालचा थर नष्ट होत नाही. १९२५ मध्ये फ्रॉइडने स्मृती समजावण्यासाठी लहान मुलांच्या एका खेळण्याचा दाखला दिला. मेणाच्या पाटीवर पारदर्शक पडदा; पडदा उचलला की लिहिलेले नाहीसे होते, पण खालच्या मेणावर रेघ उमटलेली राहते.

६/३०
आपल्याकडे चर्मपत्रांची परंपरा नव्हती. परंतु धातू होता, कातळ होता, गिलावा होता, शेंदूर होता. प्रत्येकाची पुसण्याची रीत निराळी आणि उरण्याचीही निराळी. आपण एकेक साहित्य घेऊन पाहू. आरंभ करू धातूपासून, कारण तिथे पुसण्याचा हेतू अगदी स्पष्ट आहे.

७/३०
१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी सुमारे १३,२५०. सारी मूळची क्षहरात क्षत्रप नहपान याची. एका बाजूस राजाचे मुख आणि भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठीतील लेख. यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती: एकीकडे तीन शिखरांचा पर्वत, दुसरीकडे वर्तुळांचे तथाकथित उज्जैन चिन्ह.

८/३०
गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला होता. ती नाणी वितळवून नवी पाडता आली असती. पण जुन्याच नाण्यावर नवा ठसा मारणे सोपे, झटपट आणि कमी खर्चाचे. शिवाय त्यातून एक संदेशही जात होता. बाजारात ज्याच्या हातात हे नाणे पडेल, त्याला सत्ता बदलल्याचे न वाचताच कळेल. पराभूत राजाच्या नाकावर विजेत्याचा पर्वत उभा होता.

९/३०
नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, प्रसिद्ध लेख आहे. मुलाच्या पश्चात, नातू पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षात तो कोरला गेला. त्यात तिने आपल्या मुलाला क्षहरात वंश निरवशेष करणारा म्हटले आहे. निरवशेष, म्हणजे मागे काहीही शिल्लक न ठेवणारा. लेखाचा दावा असा. आणि नाण्याची साक्ष मात्र वेगळी. अनेक नाण्यांवर नव्या ठशाच्या कडेने नहपानाचे नाक, केस, ग्रीक अक्षरांचे तुकडे आजही दिसतात.

१०/३०
याहून सूक्ष्म उदाहरण नाशिकच्याच दुसऱ्या लेखात आहे. आपल्या १८ व्या राज्यवर्षात गौतमीपुत्र गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा करतो की अमुक गावातील २०० निवर्तने शेत भिक्षूंना द्यावे. कोणते शेत? जे आजवर उषवदाताकडे होते ते. उषवदात म्हणजे नहपानाचा जावई. विजेत्याच्या अधिकृत आज्ञेतही शेताची ओळख पराभूताच्या नावानेच पटवावी लागली! खालचे अक्षर वाचल्याशिवाय वरचे लिहिता येत नाही, ते असे.

११/३०
आता कातळाकडे, आणि मावळात. कोळवणपासून सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरच्या आत, उत्तरेला, कार्ले लेणी आहेत. त्यांचे प्राचीन नाव वलूरक. उषवदाताने येथील भिक्षूंना करजिक नावाचे गाव दिल्याचा लेख चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर आहे. त्याच भिंतीवर दुसरा लेख सातवाहन राजाच्या आज्ञेचा. त्यात राजाच्या नावाचा भाग झिजला आहे. बहुतेक अभ्यासक तो राजा गौतमीपुत्र मानतात. दानाचा विषय? करजक हेच गाव.

१२/३०
म्हणजे राज्य बदलल्यावर नव्या राजाने जुन्याचे दान पुन्हा आपल्या नावाने दिले. मात्र जुना लेख कोणी छिन्नीने उडवला नाही. एका दाराच्या दोन बाजूंना दोन सत्तांच्या सह्या उभ्या राहिल्या. भिक्षूंच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच. गाव हातात राहावे यासाठी जुना कागदही जपायचा आणि नवाही घ्यायचा, हे ज्याने तलाठी कार्यालयात फेरफाराची नोंद पाहिली आहे त्याला वेगळे सांगायला नको.

१३/३०
या दुसऱ्या लेखातील आज्ञा ‘मामाल’ येथील अमात्याला उद्देशून आहे. मामाल हेच आजच्या ‘मावळ’चे जुने रूप, असे अभ्यासक मानतात. लोकांनी पुढे या नावाला नवा अर्थ दिला: सूर्य मावळतो त्या दिशेचा मुलूख तो मावळ. व्युत्पत्ती म्हणून ही नंतरची. स्मृती म्हणून मात्र तीही खरी. पौड मावळ, पवन मावळ, नाणे मावळ असे आपण म्हणतो तेव्हा एका शब्दात सातवाहन कचेरी आणि शेतकऱ्याचे आभाळ एकत्र नांदतात.

१४/३०
कार्ल्याचा दर्शनी भाग हा महाराष्ट्रातील बहुधा सर्वांत सुंदर कोरीव पॅलिम्प्सेस्ट. वऱ्हांड्यातील भव्य स्त्री-पुरुष युगुले पहिल्या टप्प्यातली. त्यांच्या आसपास वेदिकेची, म्हणजे दगडी कठड्याची नक्षी होती. ‘वेयिका’ दान दिल्याच्या नोंदी तिथे आजही वाचता येतात. पुढे काही शतकांनी, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास, या जागेत बुद्धप्रतिमा कोरल्या गेल्या. त्यासाठी जुनी नक्षी ठिकठिकाणी छाटली गेली.

१५/३०
पहिल्या टप्प्यात बुद्ध मानवी रूपात दाखवीत नसत. स्तूप हेच त्याचे रूप. नंतर उपासनेची भाषा बदलली आणि प्रतिमा आवश्यक वाटली. ही कोणा शत्रूची तोडफोड नव्हे. एकाच धर्माच्या वारसांनी आपल्या पूर्वजांचे काम छाटून आपली श्रद्धा कोरली. पुसणे म्हणजे नेहमी द्वेष, असे समजणाऱ्यांनी कार्ल्याची ही भिंत एकदा सावकाश पाहावी.

१६/३०
आणि अंगण? चैत्यगृहापुढे डाव्या हाताला सिंहस्तंभ आहे, महारठी अग्निमित्रणकाच्या दानाचा. उजव्या हाताला त्याचा जोडीदार असावा असे मानतात. त्या बाजूस आज एकवीरा देवीचे मंदिर आहे. कोळी, आगरी आणि इतर अनेक समाजांची ही कुलदेवता. नवस फेडायला आलेल्या माणसाला सातवाहनांशी कर्तव्य नसते आणि लेणी पाहायला आलेला बहुधा देवीला घाईत नमस्कार करून निघतो. दोघेही एकाच पानावर उभे असतात, वेगवेगळ्या ओळींवर.

१७/३०
तिकोन्यावरही हेच चित्र लहान प्रमाणात दिसते. कातळात कोरलेले जुने लेणे, पुढे पाण्याचे टाके, लेण्यात देवीचे ठाणे, आणि भोवती किल्ल्याची तटबंदी. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत तिकोना होता. खोदणारे, पूजणारे, लढणारे आणि आज रविवारी चढणारे, सारे एकाच डोंगरावर. ‘हा किल्ला कोणत्या काळातला?’ हा प्रश्नच तिथे अपुरा पडतो.

१८/३०
आता रंग. अजिंठ्याचे लेणे क्र. १० इ.स.पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकातले. त्याच्या भिंतींवर छद्दंत जातकासारख्या कथांची चित्रे आहेत, भारतातील सर्वांत जुन्या भित्तिचित्रांपैकी. पुढे पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात, अजिंठ्याला पुन्हा बहर आला. तेव्हा क्र. ९ आणि १० या जुन्या लेण्यांतही नवा गिलावा चढला आणि त्यावर नव्या बुद्धप्रतिमा रंगल्या. लेणे क्र. ९ मध्ये वरचा थर जिथे गळून पडला आहे, तिथे खालची जुनी माणसे बाहेर डोकावतात.

१९/३०
तिसरा थर ब्रिटिशांचा. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या मद्रासच्या घोडदळातील अधिकाऱ्याने लेणे क्र. १० च्या खांबावरील चित्रावर आपले नाव व तारीख कोरली. आज ते नाव माणसाच्या डोक्यापेक्षा बरेच वर दिसते. कारण तेव्हा लेण्यात शतकांचा राडारोडा साचला होता आणि स्मिथ त्या ढिगावर उभा होता. म्हणजे या एका ओरखड्यात नाव आहे, तारीख आहे आणि नंतर उपसून टाकलेल्या मातीची उंचीसुद्धा आहे.

२०/३०
पुढे प्रतिकृतींचा काळ आला. मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ नंतर वर्षानुवर्षे अजिंठ्यात राहून चित्रांच्या प्रती केल्या; १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून नव्याने प्रती केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. ज्या मूळ भिंतीचे रंग ओल आणि वटवाघळांमुळे ‘आता संपणार’ असे वाटत होते, ती भिंत मात्र टिकली.

२१/३०
चौथा थर सद्हेतूचा. निजाम सरकारने १९२० मध्ये चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटणारा गिलावा भिंतीशी पक्का केला, हे मोठेच काम. पण रंग टिकावेत म्हणून लाखेचे रोगणही चढविले गेले. कालांतराने ते पिवळे-तपकिरी पडले, त्यावर धूळ आणि काजळी बसली आणि चित्रेच झाकली गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी हा थर अत्यंत सावकाश काढला, तेव्हा लेणे क्र. १० मधली दोन हजार वर्षांपूर्वीची माणसे पुन्हा डोळ्यांना डोळा देऊ लागली.

२२/३०
येथे या धाग्याचा मुख्य प्रश्न उभा राहतो. लाख काढली ते योग्य झाले. मग पाचव्या शतकातला गिलावाही काढावा का? त्याखाली आणखी जुनी चित्रे असू शकतात! कोणताही जबाबदार संरक्षक असे करणार नाही, कारण वरच्या प्रतिमा हाही इतिहासच. ‘खालचे ते खरे आणि वरचे ते आवरण’ हा विचार ऐकायला चोख वाटतो, पण तो अमलात आणला तर शेवटी हातात नुसता कोरा कातळ उरेल. कारण सर्वांत जुना थर तोच.

२३/३०
शेंदराचे उदाहरण घ्या. आपल्याकडे अनेक देवमूर्तींवर तेलात कालवलेल्या शेंदराचे लेप चढत जातात. शतकानुशतके त्यांचे कवच तयार होते, मूर्तीचा चेहरामोहरा बदलतो. कधी कवच आपोआप गळते, कधी विधिपूर्वक काढले जाते. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा थर काढला गेला, तेव्हा कित्येक पिढ्यांनी न पाहिलेले मूळ रूप भाविकांसमोर आले. हा निर्णय देवस्थानाने तज्ज्ञांच्या साहाय्याने आणि धार्मिक विधींसह घेतला, हे महत्त्वाचे.

२४/३०
कवचाखालची मूर्ती मूर्तिकाराने घडविली. कवच भक्तांनी घडविले. एकाचा निर्माता एक, दुसऱ्याचे हजारो. मूर्तिशास्त्राचा अभ्यासक पहिल्याकडे ओढला जातो, हे स्वाभाविक. पण शेंदराचा तो जाड, गुळगुळीत थर म्हणजे लोकांनी बोटांनी लिहिलेली नोंदवही असते. कुठे किती हात लागले, कोणता देव ‘जागृत’ मानला गेला, कोणता विस्मरणात गेला, हे त्यावरूनच कळते.

२५/३०
आधुनिक चित्रकारांनी हीच गोष्ट जाणीवपूर्वक हाताळली. १९५३ मध्ये अमेरिकन कलावंत रॉबर्ट राउशेनबर्ग याने विलेम डी कूनिंग या नामवंत चित्रकाराकडून एक रेखाचित्र मागून घेतले आणि ते खोडून तेच आपली कलाकृती म्हणून मांडले. कागदावर अंधूक खुणा तेवढ्या उरल्या. आपल्याकडे वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांनी दुसरी वाट धरली. रोलर आणि सुरीने रंगाचे थर चढवायचे, उचलायचे, पुन्हा चढवायचे. त्यांच्या कॅनव्हासवर आपल्याला दिसतो तो वरचा रंग. जाणवतो तो खालचा.

२६/३०
आणि पाणी? मुळशीत पुसणारा हात पाण्याचा होता. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी धरण बांधायचे ठरले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे नेते. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. गावे, शेते, देवळे बुडाली. वीज मुंबईला गेली. बापट मात्र त्या लढ्यापासून ‘सेनापती’ झाले. पुण्या-मुंबईत सेनापती बापट मार्गावरून रोज जाणाऱ्या हजारोंच्या तोंडी त्या बुडालेल्या खोऱ्याचे हे एक अक्षर उरले आहे.

२७/३०
उत्तरेला पवनेच्या जलाशयात उन्हाळ्यात पाणी ओसरले की वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर उघडे पडते. लोक दर्शनाला जातात, छायाचित्रे काढतात. पावसाळा आला की ते पुन्हा पाण्याखाली. कोळवणचे खोरे अशा दोन जलाशयांच्या मधोमध आहे. त्याच्या स्वतःच्या जमिनीवरही नवे थर चढत आहेत: आश्रम, बंगले, प्लॉटच्या कुंपणभिंती. भातखाचराचा बांध मोडून सपाटी झाली की शेताचे नाव कोण लक्षात ठेवणार? फार तर सातबाऱ्यावरचा गट क्रमांक.

२८/३०
हे सारे सांगण्याचे कारण आपण, म्हणजे गडकोटांवर आणि गावोगावच्या वीरगळांपाशी जाणारी तरुण मंडळी. ‘संवर्धन’ म्हणून तारेच्या ब्रशने वीरगळ घासणे, शेंदूर खरवडणे, कोरीव अक्षरांत खडू किंवा ऑइलपेंट भरणे हे प्रकार सर्रास चालतात. हेतू चांगलाच असतो. अजिंठ्याला लाख लावणाऱ्यांचाही होता. ब्रशच्या एका फेऱ्यात दगडाची वरची कातडी जाते आणि तिच्यासोबत झिजलेल्या अक्षराची शेवटची कडही. संरक्षित स्मारकाला इजा करणे हा १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

२९/३०
मग करायचे काय? आर्किमिडीजची पाने वाचणाऱ्यांनी केले तेच: न खरवडता वाचायचे. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात दगड पाहा. दुपारी न दिसणारे अक्षर सावलीने उठून येते. रात्री बाजूने विजेरी धरून छायाचित्रे घ्या. कागदी ठसा घ्यायचा तर जाणकाराकडून आणि परवानगीने. गावातल्या वयस्कर माणसांना दगडाचे, शेताचे, ओढ्याचे नाव विचारा आणि आजच्या तारखेसह लिहून ठेवा. शेंदूर लावणारी मावशी भेटली तर तिला अडाणी समजू नका. आपण वाचत आहोत त्या पानाची ती आजची लेखिका आहे.

३०/३०
शेवटी एक प्रश्न तुमच्यासाठी. अजिंठ्याच्या खांबावरचे जॉन स्मिथचे नाव पुसावे का? ते एका अप्रतिम चित्रावर केलेला ओरखडा आहे. आणि त्याच वेळी ते दोनशे वर्षांहून जुने दस्तऐवजही आहे. आजच्या पर्यटकाने खिळ्याने कोरलेले नाव आपण निःसंकोच गुन्हा म्हणतो. मग ओरखडा केव्हा आणि कोणाच्या दृष्टीने इतिहास होतो? माझे मत: स्मिथ राहू द्यावा, पण त्याच्या शेजारी एकही नवे नाव येऊ देऊ नये. तुमचे मत कारणांसह खाली लिहा.